शेवटच्या ओळीपासून वर

आमच्या घरी धर्म कडक होता. रचलेली गोष्ट म्हणजे खोटं, आणि खोटं वाचणं हेही पापच, असं वडील सांगत. पोटासाठी मी एका प्रकाशकाकडे प्रूफं तपासायला लागलो, तेव्हा त्यातून वाट काढली. प्रत्येक पान शेवटच्या ओळीपासून वर वाचायचं. चुका सापडत आणि गोष्ट डोक्यात शिरत नसे. अशी तेवीस वर्षं गेली.

मग प्रकाशन संस्थेच्या मालकीणबाईंनी मला संपादकाची जागा देऊ केली. एका कादंबरीचं हस्तलिखित हातात ठेवून म्हणाल्या, "सोमवारी सांगा, छापायची की नाही."

घरी बायको म्हणाली, "आता तरी सरळ वाचा. मामंजींना जाऊन दहा वर्षं झाली, ते काही बघायला येत नाहीत."

मी सरळ वाचलं. दोन दिवस जेवणाकडेही लक्ष नव्हतं. त्यातली म्हातारी शिंपीण गेली तेव्हा मी रडलो.

सोमवारी बाईंनी विचारलं, "कशी वाटली?"

जगात नसलेल्या बाईसाठी रडलो, हे सांगायला जीभ रेटेना. "एकशे बारा चुका आहेत," मी म्हणालो.

"अहो, चुका कुठे विचारल्या? आवडली का?"

मी चुकांची यादी त्यांच्यापुढे सरकवली.

जागा माझ्याहून तरुण सहकाऱ्याला मिळाली. त्याने ती कादंबरी परत पाठवायचं ठरवलं. लेखिकेला लिहिलेलं नकाराचं पत्र तपासायला माझ्याकडेच आलं. त्यात एकही चूक नव्हती. मी सही करून ते पुढे दिलं.