आत्ता बघणारे : एक

एसटीत मी वाहक म्हणून लागलो आणि शेवटची एकोणीस वर्षं महाडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे काचेमागे बसून माईकवर गाड्या पुकारणारा माणूस. माझा आवाज अर्ध्या तालुक्याला पाठ आहे. बाजारात वांगी मागितली तरी लोक वळून बघायचे, आपली गाडी लागली की काय म्हणून. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात बोलायला कोणी नसावं, याची मला मनापासून चीड येते.

घर पोलादपूरला. बायको, सरिता, जाऊन दोन वर्षं झाली. एकुलती मुलगी राजश्री चिंचवडला नोकरी करते. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. कारण सांगतो. गौरी-गणपती उरकून चाकरमानी मुंबईला परत निघाले होते, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. चार वाजता, सुट्टीला घरी आलेल्या राजश्रीचा फोन आला, "पप्पा, आईला श्वास लागलाय, निघा." माझ्या जागी येणारा माणूस आलेला नव्हता. गर्दी सोडून जाणार कसा? मी घरी पोचलो साडेसहाला. सरिता साडेपाचलाच गेली होती. राजश्री एवढंच म्हणाली, "सगळ्यांना वेळेवर पोचवलंत ना?" आईच्या जलदानाचा विधी झाल्यावर ती चिंचवडला गेली, ती गेलीच. फोन तिनेच करायला हवा, असं मी ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे.

यंदा महाडच्या बाजारपेठेत पाटी दिसली, 'डिजिटल कंटेंट आणि प्रसारण, तीन महिन्यांचा वर्ग'. प्रसारण म्हणजे मी एकोणीस वर्षं करत होतो तेच की! गेलो. वर्गात अकरा पोरं आणि मी. हिरकणीवाडीचा हृतिक, ज्याच्या आईची रोपवेजवळ भाकरी-पिठल्याची टपरी आहे, त्याने विचारलं, "काका, मुलाचा नंबर लावायला आलाव काय?" म्हटलं, "नाय रे, मुलगा तुझ्यासमोर उभा हाय."

शिकवायला तूबा. वय असेल सव्वीस. महाडचीच, मुंबईला बातम्यांच्या चॅनलात तीन वर्षं काढून परत आलेली. पहिल्या दिवशी तिने मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

पोरं हसून लोळली. तूबा हसली नाही. "काका, इथे प्रवासी नाहीत. मोबाइलवर बघणारा प्रत्येक जण एकटा असतो. गर्दीशी बोलू नका, एकाच माणसाशी बोला."

"आणि तो एक पण नसला तर?"

"आहे असं समजून बोलायचं."

हे मला मुळीच पटलं नाही. पण स्वाध्याय करणं भाग होतं. तीस दिवस, रोज ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं लाइव्ह. मी विषय घेतला घाटांतल्या एसटीच्या वाटा. लाइव्ह जायला चॅनलला आधी पन्नास माणसं जोडलेली लागत होती, ती वर्गातल्या पोरांनी आपले मित्र गोळा करून पुरी केली. तूबाने एक युक्तीही सांगितली. आपलंच लाइव्ह शेजारी दुसऱ्या फोनवर आवाज बंद करून लावून ठेवायचं, म्हणजे चित्र अडकलं तर लगेच कळतं. मी कपाटातून सरिताचा फोन काढला, चार्ज केला आणि चहाच्या डब्याला टेकवून ठेवला.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता सुरुवात केली. पडद्यावर 'आत्ता बघणारे' यापुढे शून्य होतं. मिनिटभरात तिथे एक आलं आणि शेवटपर्यंत राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रविवारीही तेच.

वर्गातल्या पोरांना विचारलं. हृतिक म्हणाला, "सातला आमचं सोताचं लाइव्ह असतंय काका." मग कोण असेल? आंबेनळी घाटातलं वळण न् वळण ऐकायला रोज सातच्या ठोक्याला कोण येणार? विचार करता करता डोक्यात उजेड पडला. राजश्री साडेसहाला कामावरून घरी येते. चॅनल माझ्याच नावाचं, तिला सापडणारच. ती माझीच मुलगी. फोन करणार नाही, पण बघेल, हे मला शंभर टक्के पटलं.

तेव्हापासून मी घाट बोलायचो, पण बोलायचो तिच्याशी. वरंधच्या वळणावर तिला उलटी झाली होती ते सांगितलं. तिच्या आईला खिडकीचीच जागा लागायची ते सांगितलं. दिवसभर काय बोलायचं ते जुळवत बसायचो, दुपारी दाढी करायचो. मी सुखी होतो, सरळ सांगतो.

चौदाव्या दिवशी सरिताच्या आजारपणाचा विषय निघाला आणि आकडा एकावरून शून्यावर गेला. पोरगी दुखावली. तशीच लाइव्हवर माफी मागितली, "ज्यांना वाईट वाटलं असेल त्यांनी उद्या जरूर यावं." रात्री भात तसाच झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी सातला एक परत आलं, तेव्हा मी फडक्याने डोळे पुसले आणि कॅमेऱ्याला सांगितलं की धूळ फार आहे.

बाविसाव्या दिवशी धीर करून त्या दिवसाचं सगळं सांगितलं. चाकरमान्यांची गर्दी, न आलेला बदलीचा माणूस, माझं कर्तव्य. आवाज एकदाही कापला नाही. एक शेवटपर्यंत जागचं हललं नाही. मला वाटलं, मिटलं. आता कधीही फोन येईल.

तिसाव्या दिवसानंतर तूबा एकेकाचे आकडे बघत होती. माझ्यापाशी आली आणि थबकली. "काका, तुम्ही तो दुसरा फोन रोज लावून ठेवता?"

"तूच सांगितलंस ना."

"हो, पण तो मोजला जातो, हे सांगायचं राहिलं माझ्याकडून. हे जे एक दिसतंय ना, ते तुमचंच आहे."

"नाय नाय. मधे एकदा गेला होता तो माणूस. मी बघितलंय."

"त्या दिवशी त्या फोनचं चार्जिंग संपलं नव्हतं ना?"

संपलं होतं. लाइव्ह झाल्यावर मीच तो चार्जिंगला लावला होता. पोरं हसली नाहीत. हसली असती तर मी चिडलो तरी असतो.

पोलादपूरच्या गाडीत बसून हिशेब लागला. तीस दिवस मी सरिताच्या फोनशी बोललो. ती होती तेव्हा सलग दहा मिनिटं तिच्याजवळ बसून बोललेलं मला आठवेना.

सातला तिचा फोन बंद केला आणि लाइव्ह लावलं. शून्य. दोन मिनिटं झाली तरी शून्य. म्हटलं, बाविसाव्या दिवसाचंच पुन्हा बोलून बघू. "माझ्या जागी येणारा माणूस..." इथपर्यंत आलो आणि पुढे जाईना. ऐकायला कुणी नव्हतं. मग हे मी कोणाला पटवून देत होतो? लाइव्ह बंद केलं. दोन वर्षांत पहिल्यांदा राजश्रीला फोन लावला.

"हां, बोला," ती म्हणाली.

"राजश्री, रामा आला होता गो," मी म्हणालो. रामा म्हणजे माझ्या जागी येणारा माणूस. वर मी तुम्हालाही खोटंच सांगितलं. "चार वाजताच आला होता. म्हणाला, तू जा. मीच माईक सोडला नाय. तुझ्या आईला तसं बघायची मला भीती वाटली. म्हटलं, मी पोचेपर्यंत बरी असेल, नायतर... नायतर सगळं झालेलं असेल."

फोन कट झाला का ते मी दोनदा बघितलं.

"मला माहीत आहे," राजश्री म्हणाली. "रामाकाकांनी जलदानाच्या दिवशीच सांगितलं मला. तुम्ही कधी सांगता, याचीच वाट बघत होते. आई तुमचं नाव घेत होती, पप्पा. मी तिला सांगितलं, पप्पा गाडीत बसलेत, येतायत."

मग तिला रडू फुटलं. "ठेवू नका फोन," एवढंच म्हणाली. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभा राहिलो. तिकडे चिंचवडला माझी पोरगी एकटी रडत होती आणि तिच्या पाठीवर ठेवायला माझा हात इथून पोचत नव्हता.