कपाटात जागा कोणाला?

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे, पण मला पाय नाहीत. दोन खोल्यांच्या एका घरात, न्हाणीघराच्या दाराशेजारच्या खाचेत सुताराने मला बसवले. खाच अगदी अरुंद होती.

"एवढ्यात काय मावणार, काकू?" सुतार म्हणाला.

"तुम्ही कप्पे करा हो. मावायचं माझं मी बघते."

आणि काकूंनी बघितले. कपडे एकावर एक रचायचे नाहीत, घडी घालून उभे लावायचे, म्हणजे एक ओढला तरी ढीग कोसळत नाही. चादर तिच्याच उशीच्या अभ्र्यात भरायची. लहान बॅग मोठ्या बॅगेत घालायची आणि तिच्या पोटात थंडीची पांघरुणे. शेजारणी मला मुद्दाम उघडून बघायच्या, तेव्हा मला फार बरे वाटायचे. खालचा कप्पा मात्र काकांचा. काका विजेच्या जोडणीची कामे करत. वायरींचे तुकडे, जुनी बटणे, सगळे 'लागेल कधीतरी' म्हणून त्यांच्या शर्टांत येऊन बसायचे.

"अहो, शर्टाच्या खिशातून स्क्रू निघाला आज."

"सापडला का? कधीचा शोधतोय!"

अशी वर्षे गेली. माझी एक बिजागरी सैल झाली, एक फळी मधोमध वाकली. मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. त्यानंतर काका मला उघडायचे ते शर्टापुरते, आणि लगेच बंद करायचे. कोणी पुसेना, कोणी वारा लागू देईना. मला कुबट वास येऊ लागला.

एक दिवस मुलीचा फोन आला. तिची बदली याच शहरात झाली होती.

"ये की," काका म्हणाले, "जागा आहे."

फोन ठेवून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. जागा कुठे होती?

काकांची थोरली बहीण घरी आली होती. ती म्हणाली, "वहिनीचे कपडे देऊन टाक आता. कोणाच्या तरी अंगाला लागतील."

"बघतो, ताई."

"बघतो बघतो म्हणतोस आणि कपाटाचं दार लावून घेतोस."

ती गेल्यावर काका कामाला लागले. वायरी आणि बटणे त्यांनी भंगारात दिली. तरी कप्पा मोकळा होईना. मग त्यांनी स्वतःचे शर्ट, पँटी, स्वेटर, सगळे काढून एका कापडी पिशवीत कोंबले आणि पिशवी कॉटखाली सरकवली. काकूंच्या कपड्यांना बोटही लावले नाही.

मुलगी आली. तिने मला उघडले आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, तुमचे कपडे कुठायत?"

"आहेत की. कॉटखाली, पिशवीत."

"पिशवीत? पाहुणे आहात का तुम्ही इथे?"

"मला काय लागतं गं? दोन शर्ट."

"आणि आईचं सगळं तसंच."

काकांनी माझ्या दाराला हात टेकला. "तिनं लावलंय ते. एकदा काढलं की मला परत तसं लावता येणार नाही."

मुलीने वाकून कॉटखालच्या पिशवीकडे बघितले. मग हळूच म्हणाली, "तुम्ही रोज वाकून पिशवीतून शर्ट काढताय, हे आईनं बघितलं असतं तर?"

"माझी खरडपट्टी काढली असती."

"मग?"

काका पुढे झाले. त्यांनी एकेक घडी दोन्ही हातांवर धरून बाहेर काढली, मोडू दिली नाही. एक राखाडी स्वेटर मुलीने ठेवून घेतला. बाकीचे कपडे आत्याच्या हवाली करायचे ठरले. वाकलेल्या फळीवरचे ओझे उतरले, पण मित्रांनो, मला हलके वाटले नाही. मग काकांनी पिशवी ओढली आणि काकूंच्या कप्प्यात आपले शर्ट लावले. घड्या वेड्यावाकड्या होत्या. मुलीने त्या सरळ केल्या नाहीत.

मी आता थकले आहे. जास्त मावावे म्हणून युक्त्या पुष्कळ आहेत, त्या जरूर करा. पण मी भिंतीत आहे, मला वाढता येत नाही. म्हणून अधूनमधून मला रिकामे करा, कोरड्या फडक्याने पुसा, थोडा वेळ दार उघडे ठेवा. आणि पुन्हा भरताना त्या घरात जो रोज सकाळी उठून कपडे घालणार आहे, त्याचे कपडे आधी ठेवा.