खिडकीजवळची खाट

"पडदा तुमच्या हुकमानं काळा झाला साहेब, आणि तोंड मात्र नर्सचं काळं करायला निघालात?"

भरल्या बैठकीत वहिनी हे बोलली आणि मोठ्या साहेबांचा चहाचा कप अर्ध्यातच थांबला. वहिनी म्हणजे या दवाखान्याचं सगळं नेटवर्क सांभाळणारी बाई. समोर मान खाली घालून बसलेली नर्स तिची थोरली नणंद, म्हणून अख्खा दवाखानाच तिला वहिनी म्हणायचा.

झालं होतं ते असं. कुणीतरी वॉर्डातल्या भिंतीवरच्या पोर्टला, म्हणजे नेटवर्कची वायर खोचायच्या खाचेला, स्वतःचा लॅपटॉप लावून सिनेमे उतरवले, नेटवर्क तुंबलं. साहेब खवळले. हुकूम सुटला: सगळीकडे एका पोर्टला एकच ठरलेलं यंत्र. दुसरं लागलं की सगळ्या वायरी जिथं जुळतात त्या नेटवर्कच्या स्विचनं ते पोर्ट तिथल्या तिथं बंद करायचं.

"ऑफिसात चालेल," वहिनीनं तेव्हाच बजावलं होतं. "वॉर्डात खाटा हलतात. पेशंटबरोबर त्याचे ठोके-श्वास मोजणारा मॉनिटरही फिरतो. आपले मॉनिटर वॉर्डातल्या कुठल्याही पोर्टला चालू द्या, त्यांच्या माहितीची वाहतूक मी नेटवर्कात वेगळ्या वाटेनं नेते. परकं यंत्र अडवायचं माझ्याकडे लागलं."

"शिस्त म्हणजे शिस्त," साहेब म्हणाले. संपलं.

काल दाराजवळच्या आजोबांना धाप लागली. नणंदेनं त्यांची खाट खिडकीजवळ, ऑक्सिजनपाशी ओढली आणि मॉनिटरची वायर तिथल्या पोर्टला लावली. स्विचला तो मॉनिटर परका. पोर्ट बंद, नर्सच्या टेबलावर आजोबांचे ठोके दाखवणारा पडदा काळाठिक्कर. नणंद धावली ती आजोबांच्या उशाशीच ठाण मांडून बसली, म्हणून आजोबा वाचले. आणि आज तिच्यावर आरोप काय, तर वायरीशी छेडछाड! नोकरीवरच गदा. आरोप खरा म्हणून वहिनीनं फक्त मान डोलवायची होती.

"अगं, गप्प बस," नणंद कुजबुजली. "माझी गेली तर गेली, तुझीही जाईल."

"वन्सं, घरात तुमचं ऐकते तेवढं पुरे झालं."

वहिनी उठली. साहेबांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर उपटली आणि शेजारच्याच पोर्टला खोचली. पोर्टचा दिवा क्षणभर लुकलुकला नि विझला. साहेब बटणं बडवत राहिले.

"चार बोटं सरकलात, तर तुमच्याच हुकमानं तुम्हाला चोर ठरवलं. मग आता तुम्हालाही घरी बसवायचं? हुकूम तुमचा, तर शिक्षा हिला का? खाली बघू नका साहेब. सगळ्यांसमोर सांगा, का?"