जुनं दुखणं

पुंजाने घरी सांगितलं होतं, की हे दुखणं जुनं आहे, लग्नाआधी सुरतेला कामाला होता तेव्हाचं. कुसाबाई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणून तिने पुन्हा त्याच्या शेजारी अंथरूण टाकलं. थोरली पोरगी आश्रमशाळेत आठवीला. एवढ्या वर्षांत आपल्याला एचआयव्ही लागला नाही, तपासणीही चांगली आली, म्हणजे आता काय लागायचाय! दवाखान्याने दिलेली निरोधची पाकिटं तिने फळीवर मागे सारून ठेवली.

आज ती पेठहून त्याच्याबरोबर नाशिकच्या दवाखान्यात आली होती. समुपदेशक उज्ज्वला मॅडमनी पुंजाला विचारलं, "बायकोसमोर बोलू ना?" त्याने मान हलवली. नाही कसं म्हणणार, ती शेजारीच बसली होती.

"रक्तातल्या विषाणूंचा आकडा लाखांत आलाय," मॅडम म्हणाल्या. "दुसरा आजार असला तरी तो वाढतो. टीबी नाही, ते पाहिलंय. मध्यंतरी ताप आला होता?"

"नाय," पुंजा म्हणाला.

"नाय कसा?" कुसाबाई म्हणाली. दवाखान्यात लपवलं की औषध चुकतं, एवढं तिला कळत होतं. "द्राक्षाच्या छाटणीला विंचूरकडं गेला व्हता. आला तो तापातच. अंगावर पुरळ, मानेत गाठी. मीच काढा देत व्हते."

मॅडमचा चेहरा मोकळा झाला. "मग घाबरू नका. लागण ताजी असली की आकडा असाच चढतो. रोज गोळ्या घेतल्या की उतरेल."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पुंजाची मूठ बायकोनेच उघडली, तीही काळजीपोटी.

"ताजी म्हंजी औंदाची?" कुसाबाईने विचारलं.

"बहुतेक."

पुंजा चपलांकडे बघत राहिला.  कुसाबाईला राग नंतर येणार होता, आधी भीती आली.

"मंग माझी तपासणी?"

"एवढ्यात लागली असली तर लगेच दिसत नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पुन्हा करावी लागेल. आकडा चढलेला असतो तेव्हाच जोडीदाराला लागायची भीती जास्त."

"कुसा, चुकलं माझं," पुंजा म्हणाला.

"सुरतंचं मी माफ केलं व्हतं," ती म्हणाली. "विंचूरचंबी केलं असतं, रडून-भांडून. पण जुनं हाय म्हणालास, म्हणून मी जवळ आले."

मग मॅडमकडे वळून तिने बाही वर केली. "रक्त कुठं द्यायचं?"