काचेवरचे फराटे

मित्रांनो, या, असे जवळ सरकून बसा. देवाने मला तोंड दिलेलं नाही, तरी आज बोलतो. गोष्ट लहान आहे, पण तिच्यात एका माउलीचा जीव आहे.

मी एक जुना वायपर आहे. कारखान्यात मला रबराची मऊ पट्टी मिळाली आणि रुग्णांना दवाखान्यात नेणाऱ्या एका गाडीच्या लोखंडी दांड्यात मला अडकवलं. तेव्हापासून सुटका नाही. पाऊस आला की इकडून तिकडे, तिकडून इकडे. ऊन पडलं की तापल्या काचेला गाल चिकटवून निमूट पडायचं. समोरचा रस्ता कुठल्या कुठे जातो. माझी वाट काचेपुरती.

गाडी चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणत. मोठे सालस. रोज सकाळी देवाचं नाव घेत ते गाडी पुसायचे. आतला डॅशबोर्ड चकाकावा म्हणून त्यावर तेलकट पॉलिश चोळायचे, आणि मग बाहेर येऊन त्याच फडक्याने माझी काचही मायेने पुसायचे. घात झाला तो तिथेच. काचेवर तेलाचा थर चढला आणि पावसात मी फिरेन तिथे पांढुरके फराटे उठू लागले, नेमके मामांच्या डोळ्यांसमोर.

मामांनी दोष मला दिला. "नाचता येईना अंगण वाकडं, तसली तुझी गत," म्हणाले, आणि मी घट्ट बसावं म्हणून दांडा वाकवला. आता फराटे होतेच, वर मी कर्रकर्र करू लागलो. मामा, हातातलं फडकं बघा, असं सांगावं तरी कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

उपचारांसाठी नेहमी दवाखान्यात जाणाऱ्या एक आजी मामांच्या शेजारी बसत. त्याही फराटे बघत आणि डोळे चोळत.

एका संध्याकाळी रिमझिम लागली होती. समोरून दुसऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोत आला आणि फराटे पेटल्यासारखे उजळले. रस्ता झाडणारी एक बाई ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. मी काचेबाहेर, मला ती स्वच्छ दिसत होती. मामांना दिसत नव्हती. मी तिच्याकडे बघत नुसता फिरत राहिलो. दुसरं काय करणार?

अगदी जवळ आल्यावर मामांना काहीतरी हललेलं दिसलं. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. ढकलगाडी कलंडली, बाई वाचली.

मामा उतरले, हात जोडून उभे राहिले. वायपर खराब आहे, एवढंच कसंबसं म्हणाले. आजींनी खिडकीतून डोकं काढलं.

"मला वाटायचं माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तुलाही असंच दिसत होतं का रे?"

बाईने काचेवर बोट फिरवलं. ते सरकन घसरलं.

"भाऊ, काच काय तळायला काढली होती?"

मामांनी खांद्यावरच्या फडक्याकडे पाहिलं. त्यांना हसू आलं नाही. तोवर बाईने कलंडलेली ढकलगाडी एकटीनेच उभी केली.

दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्याने काच धुतली गेली, ओल्या कापडाने माझी पट्टी पुसली गेली, दांडा सरळ झाला. फराटे गेले. मामा मला गुणी म्हणू लागले.

पण मित्रांनो, दाबाने आणि उन्हाने माझी कड आता चिरली आहे. पुन्हा एक बारीक रेघ उठते. मामा मात्र मला बदलत नाहीत. माया लागली आहे. आधी रागाने अडकलो होतो, आता लाडाने अडकलोय. त्यांना कोणी सांगाल का, की मला उतरवा?

आणि काचेवर रेघ दिसली, तर माझी कीव करू नका. ओल्या रस्त्यात कलंडलेली ढकलगाडी एकटीने उभी करणाऱ्या त्या माउलीची आठवण ठेवा.