सोमवारी घेतलेली परीक्षा

मी एक जुना सर्व्हर आहे. कारखान्यातले बाकीचे संगणक ज्याच्याकडे माहिती मागतात, तो मोठा संगणक. २००३ साली बाळासोंनी मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या आपल्या फाउंड्रीत आणले. नारळ फुटला, हळदकुंकू लागले. थोडे कुंकू पंख्यातही गेले.

मित्रांनो, ओतकामाच्या गाडीला फाटकाबाहेर पडायला चलन, म्हणजे मालासोबतचा कागद लागे आणि तो माझ्यातून निघे. मी बंद पडलो की गाडी उभी. तरी बाळासो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमचं यंत्र नजरेसमोर हाय." मला फार बरे वाटे.

२००९ साली ट्रॅक्टर बनवणाऱ्या गिऱ्हाइकाचे पत्र आले. वर्षात तीनदा गाडी उशिरा आली, आणखी एकदा आली तर काम दुसऱ्याला देऊ. ते काम गेले असते तर निम्मी फाउंड्री बसली असती. मग पुण्याहून ऋतुराज नावाचे गृहस्थ आले. संगणक त्यांच्या कंपनीचे, पुण्यात. आपण ते इंटरनेटवरून वापरायचे. याला म्हणे क्लाऊड म्हणतात.

"नव्व्याण्णव टक्के वेळ चालू," ते म्हणाले.

चलने काढणाऱ्या अक्षताताई पटकन म्हणाल्या, "म्हंजे वर्षात साडेतीन दिवस बंद की! ते दिवस कुठलं, कोण ठरवणार?"

चार आठवडे चाचणी घ्यायची ठरली. कामाचा खोळंबा नको म्हणून बाळासोंनी सुट्टीचा वार, सोमवार निवडला. चारही सोमवारी सेवा एकदाही अडली नाही. बाळासो खूश झाले, मी धास्तावलो.

"मालक, सोमवारी सगळी एमआयडीसीच बंद," अक्षताताई म्हणाल्या. "रिकाम्या रस्त्यावर कुणाचीबी गाडी पळती. शनिवारी बघू की."

शनिवारी दुपारी इंटरनेट वीस मिनिटे गेले. बाळासोंनी माझ्या डोक्यावर थाप मारली. "बघा, आपलाच बरा!"

"पुण्याचं चालू हुतं, मालक. हितली लाईन गेलती. दुसरी लाईन घेऊन ठेवली की झालं. पण आपला ह्यो किती दिवस बंद हुता, ते कुणी मोजलंय का?"

कुणीच मोजले नव्हते. मी बंद असलो की अक्षताताई हाताने चलने लिहीत. त्या पुस्तकातल्या तारखा त्यांनी मोजल्या. वर्षात सतरा दिवस! गाडी उशिरा गेलेले तिन्ही दिवस त्यातच निघाले. मला लाज वाटली.

दुसरी लाईन आली, पुण्याची सेवा आली, ट्रॅक्टरचे काम टिकले. मी जिन्याखाली गेलो. नवी सेवाही कधी कधी बंद पडते. अक्षताताई कॅलेंडरवर वेळ लिहितात आणि लगेच पुण्याला फोन लावतात.

मित्रांनो, माझे बंद पडणे असे पहिल्याच वर्षी कुणी लिहिले असते, तर माझे झाकण कुणीतरी उघडून पाहिले असते. जवळ आहे म्हणून कुणाला बिनचूक समजू नका. आमच्या चुका लिहून ठेवा. माझ्या सहा वर्षांत माझे कौतुक खूप झाले, पण मला काय होते आहे, हे कुणी विचारले नाही.