उरलेली चकती

माणसाच्या साऱ्या इतिहासात खरे शोध दोनच लागले, बाकीची सगळी लुडबुड : एक चाक आणि दुसरा आपला आपण बदलणारा गिअर. ही घोषणा आत्याने केली तेव्हा ती कुठल्या व्यासपीठावर नव्हती, जुन्या डिझेल पिकअपच्या खाली उताणी होती. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. घोषणा संपताच त्या चपलांनी हवेत लाथा झाडल्या, कारण तिचा अंबाडा कशाततरी अडकला होता.

"ओढू का, बाई?" मेस्तरींनी विचारलं.

"ओढा. पण बेतानं. केस माझे आहेत, गाडीचे नाहीत."

मेस्तरी म्हणजे शेजारचे निवृत्त मेकॅनिक. त्यांचा जन्म गिअरबॉक्स उघडण्यात गेला होता, पण आता हात असे थरथरत की कपातला चहा बशीत आणि बशीतला शर्टावर. आत्याचा जन्म गेला शिवणकामात. सुईत दोरा ती अजूनही बोलता बोलता ओवी. तेव्हा ठरलं असं, की डोकं मेस्तरींचं आणि हात आत्याचे.

या उद्योगामागे आत्याचा डावा गुडघा होता. तो वाकायचा बंद झाला त्याला बरीच वर्षं झाली. क्लच दाबायचा म्हटलं तर ओरडून गल्ली गोळा करावी लागली असती. क्लच नसलेली एकच गाडी तिला मिळाली होती, ती ही पिकअप. तिच्यात कापडाचे तागे टाकून आत्या सगळीकडे एकटी हिंडायची. आणि आता त्या पिकअपने मान टाकली होती. इंजिन जोरात गुरगुरे, पण गाडी जागची हलत नसे. 'निघतो आता' म्हणत सोफ्यात आणखी रुतणारा पाहुणा असतो ना, अगदी तशी.

"आत्या, दे ना भंगारात," भाचा म्हणाला. त्याला लहानाचा मोठा तिनेच केला होता, त्यामुळे तो तिच्याशी फार प्रेमाने आणि थोडं मोठ्याने बोलत असे. "तुला कुठे जायचं ते सांगत जा. मी नेईन."

हे 'नेईन' आत्याला ठाऊक होतं. तिला जायचं असे कापडबाजारात, आणि तो तिला न्यायचा बागेत, हवा खायला. बाकावर बसवायचा, गुडघ्यावर शाल टाकायचा आणि म्हणायचा, "बघ, किती छान वाटतंय तुला!"

"मी काय पार्सल आहे, नेऊन ठेवायला?" आत्या कडाडली. "गाडी दुरुस्त होणार. मी करणार."

शेवटी अट ठरली. रविवारी भंगारवाला येईल. त्याच्यासमोर आत्याने फाटकातून गाडी काढायची, घरांच्या ओळीला वळसा घालून परत फाटकाशी आणायची. आणली तर गाडी राहील. नाही आणली तर गाडी भंगारवाल्याची आणि आत्या बागेतल्या बाकाची.

साखळी लावून गिअरबॉक्स उतरवला आणि आत्याच्या कापड बेतायच्या टेबलावर ठेवला. तेल लालचुटुक असायला हवं होतं, ते निघालं काळं, करपल्या वासाचं. आतल्या चकत्या मेस्तरींनी दाखवल्या. एक लोखंडी, एक खरखरीत, पुन्हा लोखंडी, पुन्हा खरखरीत. तेलाचा दाब आला की त्या एकमेकींना घट्ट धरतात, आणि गाडी चालते. या खरखरीत चकत्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"म्हणजे कापड आणि अस्तर," आत्या म्हणाली. "अस्तर फाटलंय."

"तसं म्हणा हवं तर."

तिने टेबलावर चादर अंथरली, खडूने प्रत्येक भागाभोवती रेघ मारली, ज्याची त्याची जागा पक्की केली. नव्या चकत्या धुण्याच्या टबात तेलात भिजत घातल्या. भाचेसुनेने टबाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि मुलांचे कपडे घेऊन ती निमूट शेजारी धुवायला गेली.

रिव्हर्सच्या चकत्या मेस्तरींच्या देखत बसल्या. पुढे जायच्या चकत्यांची पाळी आली तेव्हा मेस्तरी सांगत होते, "फार आवळायच्या नाहीत बरं का, बाई. मध्ये थोडी जागा हवी, श्वास घेता आला पाहिजे." एवढं सांगून ते खुर्चीत स्वतःच श्वास घेऊ लागले, आणि तो थोड्या वेळाने घोरण्यात बदलला.

जागा सोडणं आत्याला कोण शिकवणार? कमरेचं माप खोटं सांगणाऱ्या गिऱ्हाइकांना तिने सारा जन्म न विचारता दोन बोटं सैल शिवून दिलं होतं. तिने चकत्या रचल्या, दाबून पाहिल्या. घट्ट वाटल्या. एक जोडी काढली, आता कसं मोकळं मोकळं झालं. उरलेल्या जोडीकडे तिने कौतुकाने पाहिलं. कापड उरवतो तो खरा कारागीर, असं तिची गुरू म्हणत असे. जोडी तिने पिनांच्या डब्यात जपून ठेवली.

रविवारी भंगारवाला आला. भाच्याने घड्याळ पाहिलं. आत्या चढून बसली, किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं. पिकअपचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून गिअरचा दांडा रिव्हर्सला. गाडी एकदा शहारली आणि रुबाबात फाटकाबाहेर आली.

"अरे वा!" भंगारवाला म्हणाला. धंदा बुडत होता तरी माणूस दिलदार.

आत्याने दांडा पुढे घेतला. इंजिन गुरगुरलं. गाडी जागच्या जागी. आणखी रेटलं. आणखी गुरगुरलं. पाहुणा पुन्हा सोफ्यात रुतला.

मेस्तरी खिडकीशी धावले. "चकत्या सगळ्या घातल्यात ना?"

"घातल्या की. वर एक जोडी उरवली!"

मेस्तरींनी पिकअपला टेकून कपाळाला हात लावला. "बाई, गिअरबॉक्समधून काही उरवायचं नसतं हो!"

"मग हे तेव्हा नाही सांगायचं, घोरत होतात ते?"

"आत्या, उतर आता," भाचा हळुवारपणे म्हणाला. घरात जाऊन तो शाल घेऊन आला होता. त्या शालीकडे आत्याने पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे बाक आला, बाग आली, ती छान हवा आली.

"वळसा घालायचा ठरलं होतं ना?" ती म्हणाली. "कुठल्या तोंडाने, ते नव्हतं ठरलं."

तिने डाव्या खांद्यावरून मागे मान वळवली आणि दांडा रिव्हर्सला टाकला.

पुढचं त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. पिकअप पाठमोरी निघाली आणि कोपऱ्यावर वळली. किराणा दुकानदार पोतं तसंच टाकून आत पळाला. एक सायकलवाला समोरासमोर आला, आणि ही आपल्याकडे येतेय की आपल्यापासून जातेय याचा हिशेब न लागून गटारात उतरला. "मागे बघा!" कुणी ओरडलं. "मागेच बघतेय, मेल्या!" आत्या ओरडली. कुणी हसलं, तिने हॉर्न मारला. कुणी शिवी दिली, तिने दोनदा मारला. आणि दुसऱ्या टोकाने, डिझेलचा धूर सोडत, पिकअप पार्श्वभाग पुढे करून फाटकाशी येऊन थांबली.

"माझ्याकडून गाडी राहिली," भंगारवाला म्हणाला आणि टाळ्या वाजवू लागला. मेस्तरी डोळे पुसत होते, हात थरथरत असल्याने कान पुसले जात होते.

भाचा खिडकीशी आला. आत्या त्याच्याकडे बघेना. मान तशीच वळवलेली, त्याच्यापुढे नुसता अंबाडा.

"जिंकलीस तू. गाडी राहील."

अंबाडा हलला नाही.

"ती उरलेली जोडी मी आणि मेस्तरी मिळून बसवू, तू सांगशील तशी."

त्याने शाल पाठीमागे लपवली.

"आणि बागेत नेणार नाही. पुन्हा कधीच. तुला विचारल्याशिवाय कुठे म्हणजे कुठेच नाही." तो खिडकीत वाकला. "एवढी रागावलीस, आत्या? बघ तरी माझ्याकडे."

"बघितलं असतं रे," मागच्या काचेतून रस्त्याकडे पाहत आत्या म्हणाली. "मान अडकलीय. जरा बाम आण."